समुद्राची पाऊणकी

व्यापाऱ्याच्या घरात प्रवासाची गोष्ट बहुधा दोनच कारणांनी निघते. एक तर माल पाहायचा असतो, नाहीतर यात्रेला जायचे असते. पाठीवर पिशवी टाकून, एसटी, होडी आणि स्वतःचे पाय यांच्या भरवशावर दहा दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचे, ही कल्पना लालबागच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी प्रथम मांडली गेली, तेव्हा ती कोणालाच रुचली नाही.

कल्पना मांडणारी नात सीएची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झाली होती. बरोबर जाणारा तिचा धाकटा भाऊ अजून महाविद्यालयात होता. कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली होती. चातुर्मास संपून साधूसाध्वींचे विहार सुरू झाले होते आणि पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या प्रवासी होड्याही केव्हाच्या पाण्यात उतरल्या होत्या. बेत असा होता की भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे. तेथून मुरूड, श्रीवर्धन, वेळास, गुहागर, रत्नागिरी करीत मालवण गाठायचे. आणि अखेरीस देवबागजवळ, कर्ली नदी समुद्राला मिळते तेथले वाळूचे बेट पाहायचे. वडिलांनी खर्चाचे विचारले. आईने जेवणाचे विचारले. ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी एवढेच विचारले, "भाऊच्या धक्क्यावरून?"

या प्रश्नामागे एक जुनी तारीख होती. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या तोंडावर, 'रामदास' ही आगबोट सकाळी मुंबईहून रेवसला निघाली. वादळी हवेत काश्याच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी गावी निघालेले गिरगाव-परळ भागातले चाकरमानी त्यांत मोठ्या संख्येने होते. आजोबा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. त्या वर्षीच्या खातेवहीत पुढे नोंदच न झालेली काही पाने राहिली. त्यांच्या वडिलांनी त्या पानांवर आडवी रेघ ओढली, आणि उधारीच्या वसुलीसाठी ते कोणाच्याही दारी गेले नाहीत. ती वही आज घरात नाही. पण समुद्राचा विषय निघाला की त्या रेघेची आठवण निघाल्यावाचून राहत नसे.

लालबाग-परळच्या दुकानदाराचे कोकणाशी असलेले नाते असे वहीच्या पानांतून आलेले आहे. गिरण्यांत काम करणारी माणसे रत्नागिरी-सिंधुदुर्गातून यायची, एकाच गावची वीस-पंचवीस माणसे मिळून चाळीत एक खोली घ्यायची आणि पाळीपाळीने झोपायची. तांदूळ, डाळ, तेल, गूळ कोपऱ्यावरच्या दुकानातून खात्यावर यायचे आणि पगाराच्या दिवशी हिशेब व्हायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. महिने लोटले तशी अनेक कुटुंबे गावी परतली आणि बाजारातल्या वह्यांत पुन्हा एकदा न मिटलेली पाने राहिली. तीन पिढ्यांच्या या व्यवहारात दुकानदाराला गिऱ्हाइकाचे गाव नावाने ठाऊक झाले, पण पाहायला मात्र तो क्वचितच गेला. आजोबाही कधी गेले नव्हते.

तरीही त्या किनाऱ्याची एक गोष्ट त्यांच्यापाशी होती. देवबागचा एक गाबीत कामगार दुकानाचा जुना गिऱ्हाईक होता. पुडी बांधून होईपर्यंत तो फळीला टेकून भिंतीवरचे पंचांग पाहत असे आणि म्हणत असे, आज गावाकडे अमुक वाजता भरती असेल. आजोबांनी एकदा त्याला विचारले, इथे बसून हे कसे कळते? त्याने सांगितलेला हिशेब दुकानदाराला एका क्षणात उमजला. तिथीचा आकडा तीनने गुणायचा आणि चारने भागायचा; येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. जुन्या शाळेत पावकी-निमकीबरोबर पाठ केलेली पाऊणकीच ती! चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती, असा दिवसातून दोनदा फेरा. आठम-चौदस पाळणाऱ्या घराला तिथी शिकवावी लागत नाही. ज्या पंचांगावरून उपवास धरायचा, त्याच पंचांगावर समुद्रही चालतो, हे मात्र त्या घराला एका गिरणी कामगाराने शिकवले.

अखेर आजोबांनी होकार दिला, पण तीन अटींवर. लाइफ जॅकेट अंगात घातल्यावाचून होडीत पाऊल ठेवायचे नाही. पाण्यावर असताना नावाड्याच्या शब्दापुढे आपला शब्द चालवायचा नाही. आणि सूर्यास्तानंतर पाण्यावर राहायचे नाही. तिसरी अट चौविहाराच्या नियमाशी जुळणारी असल्याने आईचीही निम्मी काळजी मिटली.

निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही पिशव्या दुकानाच्या काट्यावर चढवण्यात आल्या. प्रत्येकी अकरा किलो भरल्या. आजोबांनी त्या रिकाम्या करून पुन्हा भरायला लावल्या. चार कपड्यांचे दोन झाले, जाड पुस्तक मागे राहिले, जादा चपला मागे राहिल्या. उरले ते दोन जोड कपडे, पातळ चादर, विजेरी, औषधे, उकळलेल्या पाण्यासाठी स्टीलची बाटली, खाकरे, भाजलेल्या चण्याचे पीठ आणि सुकी मूगडाळ. काटा सात किलोवर आला. "महाराजसाहेब आयुष्यभराचा संसार खांद्यावर घेऊन विहार करतात," आजोबा म्हणाले, "तुम्हाला दहा दिवसांचा जड का व्हावा?"

वद्य नवमीच्या सकाळी लाँच भाऊच्या धक्क्यावरून सुटली. वाटेत एका वृद्ध प्रवाशाने हात करून काश्याच्या खडकाची दिशा दाखवली. दोघे भावंडे त्या बाजूला पाहत उभी राहिली. पाणी शांत होते आणि लाँचवरील माणसे आपापल्या टोपल्या सांभाळत गप्पा मारीत होती. पाऊण शतकापूर्वीच्या त्या सकाळीही प्रारंभी असेच असेल, हा विचार मनात आल्यावर बहिणीने लाइफ जॅकेटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला.

रेवसपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशाला कोकणचा किनारा सलग लागत नाही. सह्याद्रीवरून धावत येणाऱ्या नद्या त्याचे ठिकठिकाणी तुकडे करतात आणि प्रत्येक खाडी ओलांडावी लागते. आगरदांडा ते दिघी, बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्री नदीच्या मुखावर तवसाळ ते जयगड, अशा चार ठिकाणी मोटारी आणि माणसे एकत्र वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. किनाऱ्यावरचे लोक त्यांना 'जंगलजेटी' म्हणतात. रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग पुरा करण्यासाठी या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. पूल झाले की प्रवास वेगाने होईल. पण खाडीच्या काठी अर्धा तास बसून पाण्याचा रंग पाहणे, पलीकडच्या गावच्या बाजाराची चौकशी करणे आणि एसटीची वेळ विचारताना कोणाच्या तरी घरचे ताक पिऊन घेणे, हा प्रवासाचा भाग तेव्हा उरणार नाही.

जेवणाची चिंता आईला वाटली होती तेवढी अवघड ठरली नाही. मासळीचा हा किनारा असला तरी दिवेआगर, श्रीवर्धन, वेळास, केळशी, गुहागर या गावांत शाकाहारी घरगुती खाणावळी आहेत. सकाळीच निरोप दिला तर कांदा-लसणाशिवाय कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, आंबोळी आणि लसूण न घातलेली सोलकढी सूर्यास्ताआधी ताटात पडते. पाणी उकळून द्यायलाही कोणी नाही म्हणत नाही. फक्त ते रात्री झोपण्यापूर्वी सांगावे लागते. चौदस मालगुंडला आली. केशवसुतांचे हे जन्मगाव. यजमानीणबाईंनी हिरवी भाजी नको म्हटल्याचे कारण विचारले आणि ऐकून घेऊन वालाची उसळ केली.

वेळासला दोघे एक दिवस थांबली. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे या किनाऱ्यावर रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. एके काळी ती अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ती सुरक्षित कुंपणात पुरून जपण्यास सुरुवात केली. पिल्ले बाहेर येतात ती मुख्यतः फेब्रुवारीपासून पुढे, त्यामुळे भावंडांना ती पाहायला मिळाली नाहीत. पण ज्या गावात अंडी नेली जात होती, त्याच गावातली माणसे आज पहाटे उठून त्यांची राखण करतात आणि पिल्ले पाहायला येणाऱ्यांना घरी उतरवून चार पैसे मिळवतात, हे पाहणे कमी मोलाचे नव्हते. जीवदया आणि चरितार्थ एकमेकांच्या आड येतात असे मानणाऱ्यांनी वेळास एकदा अवश्य पाहावे.

पुढे केळशीला किनाऱ्यालगत वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिचा अभ्यास केला आणि जुन्या काळच्या त्सुनामीची खूण तीत असावी, असे मत मांडले. वाळू ही वाऱ्याने उडणारी वस्तू, पण तिचे थर नीट वाचता आले तर तीही एक वहीच ठरते.

बहीण रोज एका छोट्या वहीत पाऊणकीने काढलेली भरतीची वेळ आणि प्रत्यक्ष दिसलेली वेळ लिहीत होती. मुरूडला, नवमीच्या सुमारास, पाणी फारसे चढले-उतरले नव्हते. कोळी लोक याला भांगाची भरती म्हणतात. अमावास्येला रत्नागिरीला पोहोचल्यावर मात्र त्याच समुद्राने निराळे रूप दाखवले. सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात तेव्हा भरती अधिक वर चढते आणि ओहोटी अधिक खाली जाते. हे उधाण. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि तेव्हाच मुसळधार पाऊस आला तर परळ-दादरचे सखल रस्ते तुंबतात. लालबागच्या दुकानदाराने पावसाळ्यात फळीवरचा माल वर उचलायचा तो दिवसही, म्हणजे, तिथीवरून ओळखता येतो.

शुद्ध द्वितीयेला मालवण आले. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली पायाचे दगड शिसे ओतून बसवले गेले. चारी बाजूंनी खारे पाणी असता आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षे समुद्राचा मारा खाऊन तट उभा आहे.

दुसऱ्या दिवशी पाहायचे बेट याच्या अगदी उलट होते. देवबाग ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेली जमिनीची अरुंद पट्टी आहे. तिच्या टोकाशी नदी समुद्राला मिळते. नदीने आणलेली वाळू आणि लाटांनी मागे लोटलेली वाळू यांची तेथे गाठ पडते, प्रवाह मंदावतो आणि वाळू तळाशी बसते. असा साठलेला उंचवटा ओहोटीला पाण्याबाहेर येतो आणि भरतीला पुन्हा बुडतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे स्थानिक लोक सांगतात, म्हणून त्याचे नाव पडले त्सुनामी बेट. त्यावर झाड नाही, घर नाही, कायमची वाट नाही. त्याचा आकार दर पावसाळ्यात बदलतो.

तृतीयेचा हिशेब सव्वादोनचा. म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास यायला हवी होती. नावाड्याने मात्र सातलाच निघायचे सांगितले. बहिणीने वही दाखवली तेव्हा तो हसला. हिशेब बरोबर आहे, तो म्हणाला, पण तो मुंबईचा. भरती दक्षिणेकडून वर जाते, आमच्याकडे ती आधी पोहोचते. दुसरी अट आठवून बहिणीने वही मिटली.

बेटावर पाय ठेवला तेव्हा वाळू ओली आणि घट्ट होती. लहान खेकड्यांनी बिळे खणताना टाकलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी सगळीकडे पसरली होती. दोघांनी ती चुकवत पावले टाकली. काही शिंपल्यांत अजून जीव होता, म्हणून एकही पिशवीत आला नाही. एका बाजूला नदीचे हिरवट पाणी, दुसऱ्या बाजूला निळा समुद्र आणि मधोमध ही घडीभराची जमीन. अशा ठिकाणी बोलावेसे वाटत नाही.

दोन तासांनी नावाड्याने हाक दिली, "पाणी भराक लागला. आता थांबान चलाचा नाय." भावंडे लगेच वळली. बेटाच्या दुसऱ्या टोकाला मात्र एक मोठे कुटुंब छायाचित्रे काढण्यात रमले होते. त्यांच्या नावाड्याच्या दोन हाकांना त्यांनी दहा मिनिटे मागितली होती. पाणी त्यांच्या समोरून येत नव्हते. ते मागून येत होते. बेटाचा मधला भाग सखल असल्याने तो आधी बुडतो आणि पुढचे टोक कोरडे दिसत असतानाच होडीकडची वाट तुटते. भाऊ धावत गेला आणि त्यांना मागे वळून पाहायला सांगितले. मघाशी जिथून ती माणसे चालत आली होती तिथे आता घोट्याच्या वर पाणी होते आणि त्याला ओढ होती. एका आजींना चालवेना. एका बाजूने त्यांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूने नावाडी, असे धरून त्यांना नेले. बहिणीने एका लहान मुलाला कडेवर घेतले. होडीशी पोहोचेपर्यंत पाणी गुडघ्यापर्यंत आले होते. अर्ध्या तासाने देवबागच्या काठावरून पाहिले तेव्हा बेट जवळजवळ दिसेनासे झाले होते.

कोणाला काही झाले नाही. पण दरवेळी असे होतेच असे नाही. २४ मे २०२२ रोजी याच किनाऱ्यावर तारकर्लीला स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांना प्राण गमवावे लागले. या बेटावर जाणाऱ्या कुटुंबांनी म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सागरी सफरी पावसाळ्यात बंद असतात. त्या काळात कोणी नेतो म्हटले तरी जाऊ नये. होडीत किती माणसे चालतात ते चढण्यापूर्वी विचारावे आणि त्याहून अधिक बसली तर उतरून यावे. घासाघीस भाड्यात करावी, वेळेत कधीही करू नये. पाऊणकीने येणारी वेळ हा अंदाज आहे. अखेरचा शब्द त्या पाण्यावर रोज जाणाऱ्या माणसाचा. अमावास्या-पौर्णिमेला बेट मोठे उघडे पडते, पण सायंकाळची ती ओहोटी सूर्यास्ताच्या सुमारास येते. ज्यांना दिवस असताना जेवायचे आहे आणि उजेडात परतायचे आहे, त्यांनी द्वितीया ते पंचमी यांपैकी एखादी सकाळ निवडावी.

त्या रात्रीच्या यजमानांचे वडील परळच्या एका गिरणीत होते. संपानंतर ते परतले आणि पुन्हा मुंबईला गेले नाहीत. लालबागचे नाव निघताच यजमान म्हणाले की वडील अखेरपर्यंत एका वाण्याची गोष्ट सांगत. संपाच्या काळात त्याने चार महिने धान्य दिले आणि ते पैसे द्यायचे राहून गेले. दुकान कोणते, ते यजमानांना ठाऊक नव्हते. लालबाग-परळमध्ये तशी दुकाने पुष्कळ होती. भावंडांनीही खोलात जाऊन विचारले नाही. निघताना यजमानांनी वाळवलेल्या आमसुलांची एक पुडी बळेच पिशवीत घातली. पैसे घ्यायला ते तयार झाले नाहीत.

चतुर्थीला सायंकाळी दोघे कुडाळहून तुतारी एक्सप्रेसमध्ये बसली आणि सकाळी दादरला उतरली. आजोबा दुकानात होते. त्यांनी पिशव्या पुन्हा काट्यावर ठेवल्या. आमसुले धरूनही सात किलो भरल्या नाहीत, कारण शिदोरी संपली होती. मग त्यांनी भरतीच्या नोंदींची वही मागून घेतली, चष्मा लावला आणि एकेक तिथी बोटाने मोजत वाचत गेले. तृतीयेपाशी ते थांबले.

"तास-सव्वातासाचा फरक आला," ते म्हणाले.

"तिकडे भरती आधी पोहोचते, आजोबा. नावाड्याने सांगितले."

आजोबांनी मान हलवली, पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच्या पंचांगात, त्या महिन्याच्या पानाच्या कडेला, बारीक अक्षरांत तो फरक लिहून ठेवला. नंतर आमसुलांची पुडी उघडून त्यांनी एक आमसूल तोंडात टाकले आणि विचारले, "पुढच्या शुद्ध तृतीयेला रेल्वेची तिकिटे मिळतील का?"